आधी मुलामा, मग मेण: पाटणच्या पद्धतीने हरित तारेची मूर्ती

बौद्ध देवतेची धातूची मूर्ती घडवायला घेणारा नवशिका सहसा मेण हातात घेऊन सुरुवात करतो आणि धातू, सांधे, सोन्याचा मुलामा यांचा विचार ज्या त्या वेळी करू असे म्हणतो. नेपाळमधील पाटण, म्हणजेच ललितपूर, येथील नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातील मूळ समाजातील, कारागिरांची रीत नेमकी उलट आहे. मूर्तीवर अखेरीस कोणता मुलामा चढणार हे तेथे सर्वांत आधी ठरते. मुलाम्यावरून धातू ठरतो, धातूवरून साच्याची माती आणि भाजणी ठरते, आणि साच्यावरून मेणाचा नमुना एकसंध करायचा की तुकड्यांत, हे ठरते. पुढील सर्व सूचना हा उलटा क्रम ध्यानात ठेवून वाचाव्यात. उदाहरणासाठी हरित तारा या हिरव्या वर्णाच्या करुणेच्या बौद्ध देवीची वीतभर उंचीची बैठी मूर्ती घेतली आहे, कारण पुढे सोडलेला पाय, खांद्याशी उमललेले नाजूक कमळ आणि अंगभर दागिने अशा जवळजवळ सर्व अडचणी या एका मूर्तीत भेटतात.

पाटणमध्ये हे काम परंपरेने शाक्य घराण्यांकडे आहे. ओकुबहाल, म्हणजे रुद्रवर्ण महाविहार, आणि जवळच्या महाबौद्ध मंदिराच्या परिसरातील घरांमध्ये ते आजही चालते. मात्र एका मूर्तीमागे एकच कारागीर असतो अशी कल्पना करून घेऊ नये. मेणाचा नमुना करणारा, साचा लिंपून ओतणारा, छिन्नीने कोरणारा, मुलामा चढवणारा आणि चेहरा रंगवणारा हे बहुधा निरनिराळे लोक असतात, आणि मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात जात पूर्ण होते. आपल्याकडील ओतारी आणि तांबट यांची कामे जशी वेगळी, तशीच तेथे ओतीव आणि ठोकीव कामांची वाटणी आहे. तांब्याचा पत्रा मागून ठोकून उठाव काढण्याची कला तिथेही स्वतंत्र मानली जाते आणि फार मोठ्या मूर्तींसाठी तीच सोयीची पडते. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके उमटवण्याचे काम, ज्याने पाहिले आहे, त्याला पत्र्याच्या कामात हाताला किती शिस्त लागते हे सांगावे लागणार नाही. शिकणाऱ्याने सर्व टप्पे समजून घ्यावेत, पण मेण आणि कोरीवकाम स्वतः करून ओतकाम अनुभवी ओताऱ्याच्या भट्टीवर करून घ्यावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. काठमांडूला जाणे होणार असेल, तर पाटण दरबार चौकातील जुन्या राजवाड्यात १९९७ साली सुरू झालेले संग्रहालय अवश्य पाहावे. ओतकामाचे आणि ठोकीव कामाचे टप्पे तेथे मांडून दाखवले आहेत.

आता पहिला निर्णय. पारंपरिक मुलामा हा पाऱ्याचा असतो. सोने पाऱ्यात घोटून केलेला लेप मूर्तीवर चढवतात आणि उष्णतेने पारा उडवून लावतात, म्हणजे सोने धातूला घट्ट धरून राहते. हा मुलामा शुद्ध तांब्यावर सर्वांत एकसारखा बसतो. धातूत शिसे असेल तर ते पाऱ्यात मिसळते आणि सोन्यावर डाग उमटतात. नेपाळमधील जुन्या मुलामा दिलेल्या मूर्ती बहुतांशी जवळजवळ शुद्ध तांब्याच्या असतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. ओतण्याच्या दृष्टीने मात्र शुद्ध तांबे हा त्रासदायक धातू आहे. ते सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, जाडसर वाहते, आणि वितळलेल्या अवस्थेत हवेतील वायू शोषून घेऊन गोठताना ते सोडते, त्यामुळे मूर्तीच्या अंगात बारीक छिद्रे राहतात. पितळ शंभर-दीडशे अंश कमी उष्णतेवर वितळते आणि बारीक नक्षीत सहज शिरते. म्हणून ज्याला मुलामा द्यायचाच नाही, त्याने पहिली मूर्ती पितळेची ओतावी आणि त्यात कमीपणा मानू नये. ‘पंचधातू’ या शब्दाने मात्र भुलू नये. पाच धातूंचे मिश्रण ऐकायला मंगल वाटत असले, तरी बाजारात त्या नावाने मिळणाऱ्या मूर्ती पुष्कळदा मुख्यतः पितळेच्याच असतात, आणि मुलाम्याच्या दृष्टीने पाच धातूंपेक्षा एक स्वच्छ धातू केव्हाही बरा.

धातू ठरल्यावर देवतेचे लक्षण पक्के करावे, कारण मेणात चुकलेला हात छिन्नीने सुधारता येत नाही. हरित तारा ललितासनात बसते. डावा पाय मांडी घालून दुमडलेला असतो, तर उजवा पाय खाली सोडलेला आणि छोट्या कमळावर टेकलेला असतो, म्हणजे ती भक्ताच्या मदतीला केव्हाही उठेल असे सूचित होते. उजवा हात गुडघ्यावर वरदमुद्रेत असतो आणि डाव्या हातातील देठावर खांद्याशी निळे कमळ उमललेले असते. श्वेत तारा दोन्ही पाय दुमडून बसते आणि तिला सात डोळे असतात: चेहऱ्यावर तीन, दोन्ही तळहातांवर आणि दोन्ही तळपायांवर एकेक. अशा लहान वाटणाऱ्या खुणांवरच ओळख अवलंबून असते. भूमिस्पर्शमुद्रेतील शाक्यमुनीच्या डाव्या तळहातावर वज्र ठेवले, की तो अक्षोभ्य हा वेगळा बुद्ध होतो. औषधींचा बुद्ध भैषज्यगुरू याच्या हातात हिरडा असतो आणि धनदेवता जंभल याच्या हातात महाळुंग व रत्ने ओकणारे मुंगूस. ही फळे आपल्या ओळखीची असल्याने ती मेणात करताना चित्राची नक्कल करण्यापेक्षा समोर खरे फळ ठेवावे.

मापांसाठी तालमान पाळतात. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल आणि त्याचे अंगुळांत विभाजन, ही मूळ पद्धत. बुद्धाच्या उभ्या आकृतीसाठी एका परंपरेत १२० अंगुळे सांगितली आहेत, तर कालचक्र परंपरेत १२५. दोन्ही बरोबर आहेत, पण एका मूर्तीत दोन्हींची सरमिसळ केली तर मान आखूड किंवा धड लांब दिसू लागते आणि दोष कुठे आहे हे शेवटपर्यंत सापडत नाही. म्हणून एक परंपरा निवडावी आणि समोरून, बाजूने व मागून अशी तीन रेखाचित्रे पूर्ण आकारात काढावीत. महाराष्ट्रातील वाचकाने तारा बहुधा वेरूळ किंवा औरंगाबादच्या लेण्यांत पाहिलेली असते. त्या मूर्तींवरून डौल शिकावा, पण त्या भिंतीतून कोरलेल्या असल्याने त्यांना पाठ नाही, आणि ओतीव मूर्तीची निम्मी परीक्षा पाठीवर होते. केसांची गुंफण, पाठीवरून उतरणारे उपरणे आणि कमरपट्ट्याची गाठ यांचे चित्र आधी तयार नसेल, तर मेणात मागची बाजू हमखास रिकामी राहते. तांबे गोठताना साधारण दोन टक्के आकसते, हेही चित्र काढतानाच हिशेबात धरावे.

मेण म्हणजे मधमाश्यांचे मेण, त्यात सालवृक्षाची राळ आणि थोडे तूप. हे मिश्रण ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात मेण बोटाच्या उबेनेच वाकते, म्हणून राळ वाढवावी. थंडीत ते ठिसूळ होऊन तडकते, म्हणून तूप वाढवावे. ठरलेले प्रमाण लिहून देण्यापेक्षा एक कसोटी सांगतो: पेन्सिलीएवढी कांडी करून हळू वाकवावी, ती तुटता कामा नये, आणि सोडल्यावर आपल्याच वजनाने लवताही कामा नये. मंद आचेवर वितळवून, फडक्यातून गाळून, थंड पाण्यात ओतून घेतलेले मेण स्वच्छ असते. काडीकचरा राहिला तर तो पुढे धातूत खळगा म्हणून प्रकट होतो.

मूर्ती पोकळ करावी. तमिळनाडूतील स्वामीमलैचे कारागीर भरीव मूर्ती ओततात आणि उत्तम ओततात. पण शुद्ध तांब्याचा जाड गोळा आतून उशिरा गोठतो, आकसताना खड्डे पाडतो आणि धातूही फार खातो. शिवाय बौद्ध मूर्तीच्या पोटात पुढे धारणी, म्हणजे मंत्र लिहिलेले कागद, ठेवायच्या असतात, त्यासाठी जागा हवी. म्हणून शेगडीच्या उबेवर मेण मऊ करून साधारण तीन मिलिमीटर जाडीची एकसारखी पोळी लाटावी आणि तिच्यापासून धड, मांड्या व डोके कोशासारखे घडवावे. हातपाय वेगळे करून तापल्या सळीने जोडावेत. शेजारी थंड पाण्याचे भांडे असावे. आकार साधला की तो भाग लगेच पाण्यात बुडवून घट्ट करावा. कोरण्यासाठी पाटणचे कारागीर म्हशीच्या शिंगाची हत्यारे वापरतात, कारण ओल्या शिंगाला मेण चिकटत नाही. दागिन्यांसाठी मेणाचे दोरे वळावेत, मण्यांसाठी त्यांचे बारीक तुकडे करावेत, आणि हे सारे सर्वांत शेवटी चढवावे. बरेच कारखाने आता मूळ नमुन्यावरून रबरी साच्याने मेणाच्या प्रती काढतात. त्यात फसवणूक नाही, परंतु प्रत काढल्यावर डोळे, ओठ आणि बोटे हाताने पुन्हा उठवली नाहीत, तर सर्व मूर्ती एकाच निस्तेज चेहऱ्याच्या होतात.

विहारासाठी बुद्धमूर्ती करणाऱ्यांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. दागिने नाहीत म्हणून ती मूर्ती सोपी, असे समजू नये. तारेच्या गळ्यातील हार मानेची चूक झाकतो. बुद्धाला झाकायला काही नसते, आणि चिवराची एक वाकडी चुणी सगळे अंग वाकडे दाखवते.

कोणता भाग वेगळा ओतायचा हेही या वेळी ठरवावे. कमळासन, खांद्याजवळचे कमळ आणि पाय टेकवण्याचे लहान कमळ वेगळे ओतावे, म्हणजे साचा आटोपशीर राहतो आणि एक भाग बिघडला तर सगळी मूर्ती वाया जात नाही. हे भाग नंतर खुंटी आणि रिव्हेटने जोडायचे असतात, कारण झाळणीचा, म्हणजे वितळवून सांधा जोडण्याचा, धातू सोने नीट धरत नाही आणि तो सांधा मुलाम्यानंतर डागासारखा दिसतो. म्हणून खुंट्या व त्यांची भोके मेणातच करून ठेवावीत.

आता नमुन्याला मेणाच्या नळ्या जोडाव्यात: एक जाड, जिच्यातून धातू आत जाईल, आणि काही बारीक, ज्यांतून हवा बाहेर पडेल. बोटांची टोके, नाकाचा शेंडा, मुकुटाची टोके अशा ज्या ठिकाणी हवा कोंडू शकते, तिथून हवेची वाट काढावी. नळ्यांसकट मेण तोलून ते वजन लिहून ठेवावे, कारण धातूचा अंदाज त्यावरूनच येतो. तांबे मेणाच्या साधारण सव्वानऊ पट जड असते आणि पितळ पावणेनऊ पट. म्हणजे ४०० ग्रॅम मेणाच्या जागी सुमारे ३.७ किलो तांबे बसेल, आणि ओतद्वार भरून राहण्यासाठी व वाया जाण्यासाठी धरून ४.५ ते ५ किलो वितळवावे. ही युक्ती जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मधूच्छिष्ट विधानाचे वर्णन आहे आणि मेण तोलून त्यावरून धातू घ्यावा असेच सांगितले आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण.

साच्याचा पहिला थर सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण मेणावरची प्रत्येक रेघ हाच थर टिपतो. वस्त्रगाळ माती आणि गाळून घेतलेले शेण पाण्यात कालवून सायीसारखे पातळ करावे आणि ते नमुन्यावर ओतून किंवा शिंपडून पसरू द्यावे. कुंचल्याने फासल्यास दागिन्यांच्या खोबणीत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि तो प्रत्येक बुडबुडा पुढे तांब्याचा मणी होऊन चिकटलेला सापडतो. हाच पातळ गारा आतल्या पोकळीतही घालावा. थर सावलीत पूर्ण वाळू द्यावा, उन्हात ठेवला तर मेण सुटते. असे दोन-तीन थर झाल्यावर भाताचे तूस मिसळलेली जाड माती बाहेरून लिंपावी आणि आतली पोकळीही त्याच मातीने भरावी. भाजताना तूस जळून जाते आणि मातीत बारीक वाटा राहतात, त्यांतून वायू निघून जातो. मेण वितळल्यावर आतला मातीचा गाभा अधांतरी होणार असतो, म्हणून बाहेरची माती लिंपण्याआधी मेणातून आरपार लोखंडी खिळे खोचावेत, म्हणजे गाभा जागचा हलत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नये. वरून कोरडा वाटणारा साचा आतून आठवडेच्या आठवडे ओला राहतो, आणि ओल्या साच्यात वितळलेला धातू गेला तर वाफेचा स्फोट होतो.

वाळलेला साचा तोंड खाली करून मंद आचेवर धरावा आणि वितळणारे मेण पाण्याच्या भांड्यात गोळा करावे. ते पुन्हा वापरता येते. मिळालेले मेण तोलून पाहावे. लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा ते फार कमी भरले, तर आत कुठेतरी अडकलेले आहे असे समजावे. त्यानंतर साचा लाल होईपर्यंत भाजावा. तीन मिलिमीटरच्या फटीतून वाहणारे तांबे गार साच्याला लागताच गोठते, म्हणून साचाही तापलेलाच लागतो, आणि म्हणून भाजणी व वितळणी एकाच सुमारास पूर्ण झाली पाहिजे. या कामाचे खरे कौशल्य दोन आगींची वेळ जुळवण्यात आहे. मुशीतील तांब्यावर कोळशाची भुकटी पसरून हवा दूर ठेवावी. ज्वाळेला हिरवट छटा येऊन धातू पाण्यासारखा हलू लागला की वरचा मळ काढावा, साचा कोरड्या वाळूत तोंड वर करून पुरावा आणि एकाच अखंड धारेने ओतावे. धार मध्ये तुटली तर आधीचा आणि नंतरचा धातू एकजीव होत नाही आणि तिथे चीर राहते. हवेच्या नळ्यांतून धातू वर दिसला की थांबावे. चामड्याचा अंगरखा, चेहऱ्यावर ढाल, बंद बूट आणि पायाखाली सुकी वाळू हे सर्व हवेच. सिमेंटच्या जमिनीवर सांडलेला धातू तिच्यातील ओलीमुळे उडतो.

गार झालेला साचा हातोडीने फोडतात. साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे प्रत्येक मूर्तीसाठी नवा साचा करावा लागतो. पहिल्याच खेपेला अंगावर एकही भोक नाही असे क्वचित घडते आणि त्याने खचून जाऊ नये. भोकाच्या कडा चौकोनी करून घ्याव्यात, नेमक्या मापाचा तांब्याचा तुकडा त्यात ठोकून बसवावा आणि कानशीने सपाट करावा. जुन्या नेपाळी मूर्तींवर असे चौकोनी तुकडे जवळून पाहिल्यास दिसतात. या कारागिरांच्या दुरुस्तीची ख्याती फार जुनी आहे. १२६० साली ८० कारागिरांसह तिबेटमध्ये गेलेला आणि तिथून कुब्लाई खानाच्या दरबारी पोहोचलेला नेवार शिल्पी अरनिको याला तेथे परीक्षा म्हणून एक मोडकी ताम्रमूर्ती दुरुस्त करायला दिली होती. शरीरावरील सुया टोचण्याची ठिकाणे दाखवणारी ती वैद्यकाची प्रतिमा होती. १२७९ साली पूर्ण झालेला बीजिंगचा श्वेत स्तूपही त्याचाच.

यानंतरचे कोरीवकाम सर्वांत जास्त वेळ घेते. वीतभर मूर्तीला काही आठवडे आणि मोठ्या मूर्तीला महिने लागतात. नळ्या करवतीने कापाव्यात, कानशीने अंग साफ करावे आणि मग लहान छिन्न्यांनी दागिने, वस्त्रावरील नक्षी, केसांच्या बटा यांना धार आणावी. ओतकामातून येणारी रेघ नेहमी थोडी मऊ असते. छिन्नी तिला उठाव देते. चेहरा मात्र शक्य तितका मेणातलाच राहू द्यावा. पापणीची एक रेघ छिन्नीने खोल गेली, की करुणेचा चेहरा रागीट दिसू लागतो.

मुलाम्याबाबत सूचना एकच आहे: पाऱ्याचा मुलामा घरी किंवा बंद जागेत कोणीही करू नये. पारा ३५७ अंशांना उकळतो, त्याची वाफ दिसत नाही, आणि ती मेंदू व मूत्रपिंडांना कायमची इजा करते. हे काम धूर ओढून घेणारी यंत्रणा असलेल्या जाणत्या माणसाकडेच द्यावे. त्याच्याकडे मूर्ती देण्यापूर्वी ती तेलकट बोटांचा डागही न राहील इतकी स्वच्छ करावी, आणि परत आल्यावर अकीकाच्या दगडाने घासून झळाळी आणावी. विजेच्या साहाय्याने दिलेला मुलामा पातळ असतो आणि त्याचा रंग थोडा उथळ वाटतो, पण देवघरातील मूर्तीसाठी तो पुरेसा आहे आणि कोणाच्या फुप्फुसांवर त्याचा भार पडत नाही.

तिबेटी पद्धतीची मूर्ती हवी असेल, तर चेहऱ्यावर सरसात कालवलेल्या सुवर्णचूर्णाचा लेप देतात. तो झळाळत नाही, त्यामुळे चमकत्या अंगातून चेहरा शांतपणे वेगळा दिसतो. त्यावर डोळे, भुवया आणि ओठ रंगवतात व केसांना निळा रंग देतात. पिरोजा आणि पोवळे बसवायचे असेल, तर त्यांची कोंदणे मेणातच केलेली असावीत. खडे मात्र मुलाम्यानंतरच बसवावेत, कारण आग त्यांना सोसत नाही.

शेवटी मूर्ती भरण्याचा विधी येतो. मंत्र लिहिलेल्या कागदांच्या घट्ट गुंडाळ्या, सुगंधी द्रव्ये आणि धान्य पोटात ठेवून बूड तांब्याच्या पत्र्याने बंद करतात. त्या पत्र्यावर विश्ववज्र, म्हणजे एकमेकांना छेदणारी दोन वज्रे, कोरलेले असते. नेवार बौद्धांत प्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीवर माणसाप्रमाणेच जन्मापासूनचे दहा संस्कार करतात, आणि ते वज्राचार्य पुरोहिताचे काम आहे. कारागिराकडे उरते ते पत्रा बसवण्याचे. झाळणीची आग आतल्या कागदांना चालत नाही, म्हणून आसनाच्या बुडाची पातळ कड छिन्नीने जागोजागी आत वळवून पत्रा पकडतात. ती कड तांब्यात हवी असेल, तर मेणाची पोळी कापताना बुडाशी अर्धा सेंटिमीटर जास्त सोडावी.